सूर युरोपचे, भाव बाजाराचे

१७ मे २०२५ च्या रात्री स्वित्झर्लंडमधील बाझल शहरात युरोव्हिजन गीत स्पर्धेची अंतिम फेरी सुरू झाली, तेव्हा सट्टेबाजारात एकच नाव सर्वांच्या पुढे होते. स्वीडनच्या वतीने उतरलेल्या, पण मूळच्या फिनलंडमधील स्वीडिश भाषक त्रिकुटाचे बाष्पस्नानाच्या सुखाविषयीचे विनोदी गीत कित्येक आठवडे भावफलकावर अग्रस्थानी होते. मध्यरात्रीनंतर गुणांची बेरीज पूर्ण झाली आणि चित्र पालटले. ४३६ गुणांसह करंडक ऑस्ट्रियाच्या जेजे या गायकाकडे गेला. इस्रायल ३५७ गुणांसह दुसरा, तर एस्टोनिया ३५६ गुणांसह तिसरा आला. स्वीडनला ३२१ गुणांवर चौथ्या स्थानी समाधान मानावे लागले.

घोड्यांची शर्यत, फुटबॉल किंवा क्रिकेट यांच्या निकालावर पैसे लावण्याची प्रथा जुनी आहे. परंतु गाण्याच्या स्पर्धेवर सट्टा ही कल्पना भारतीय वाचकाला काहीशी विचित्र वाटेल. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये मात्र परवानाधारक बुकमेकर मंडळींसाठी मे महिन्यातील ही स्पर्धा म्हणजे हमखास हंगाम असतो. हा सट्टा नेमका कसा चालतो, त्याचे अंदाज किती खरे ठरतात आणि स्पर्धेच्या सचोटीपुढे तो कोणते प्रश्न उभे करतो, हे समजून घेण्यासारखे आहे.

सात देशांपासून सदतीस देशांपर्यंत

युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियन (ईबीयू) या सार्वजनिक प्रसारण संस्थांच्या संघटनेने ही स्पर्धा १९५६ मध्ये स्वित्झर्लंडच्या लुगानो शहरात प्रथम भरविली. त्या वेळी अवघे सात देश सहभागी होते. बाझलमध्ये ही संख्या ३७ होती. प्रत्येक देश एक गीत पाठवितो आणि इतर देशांच्या गीतांना गुण देतो. स्वतःच्या गीताला गुण देता येत नाहीत. पहिल्या पसंतीला १२, दुसरीला १० आणि त्यानंतर ८ ते १ अशी उतरती गुणपद्धती १९७५ पासून रूढ आहे.

सट्ट्याच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग पुढेच आहे. प्रत्येक देशाचे हे गुण दोन वेगवेगळ्या वाटांनी येतात. एक वाट संगीतक्षेत्रातील व्यावसायिकांच्या परीक्षक मंडळाची, तर दुसरी घरबसल्या मत देणाऱ्या प्रेक्षकांची. प्रेक्षकांच्या दूरध्वनी मतदानाचा प्रयोग १९९७ मध्ये पाच देशांत झाला आणि पुढच्याच वर्षी तो बहुतेक देशांत रूढ झाला. शेजाऱ्याने शेजाऱ्याला मते देण्याच्या तक्रारी वाढल्यानंतर २००९ मध्ये अंतिम फेरीत परीक्षकांना पुन्हा निम्मा वाटा मिळाला. २०१६ पासून दोन्ही गुण स्वतंत्रपणे जाहीर होतात. २०२३ पासून स्पर्धेत नसलेल्या देशांतील प्रेक्षकांच्या मतांनाही एका देशाइतके वजन देण्यात आले आहे.

पैसे लावणाऱ्याला त्यामुळे एका नव्हे, तर दोन निवडणुकांचा अंदाज बांधावा लागतो आणि या दोन मतदारसंघांची आवड अनेकदा परस्परविरुद्ध असते. बाझलमध्ये यजमान स्वित्झर्लंडच्या गीताला परीक्षकांनी २१४ गुण देऊन दुसऱ्या क्रमांकावर बसविले. प्रेक्षकांकडून त्याला मिळालेले गुण होते शून्य.

भाव म्हणजे काय?

सट्टेबाजारातील भाव म्हणजे एखाद्या निकालाच्या शक्यतेची पैशात सांगितलेली किंमत. ब्रिटनमध्ये तो ‘एकास पाच’ अशा रीतीने सांगण्याची जुनी पद्धत आहे. एक पौंड लावला आणि ते गीत जिंकले, तर पाच पौंड नफा व मूळचा एक पौंड परत. युरोपातील इतर देशांत हाच भाव ६.०० असा दशांशात लिहितात. एकाला त्या आकड्याने भागले की बाजाराला वाटणारी शक्यता निघते. ६.०० भाव म्हणजे सुमारे १७ टक्के, २.५० भाव म्हणजे ४० टक्के. भाव जितका कमी, तितका तो स्पर्धक प्रबळ.

अर्थात, या टक्केवारीत बुकमेकरचा वाटाही दडलेला असतो. कल्पना करू की एका स्पर्धेत चारच गीते आहेत आणि त्यांचे भाव अनुक्रमे २.००, ४.००, ५.०० व ८.०० आहेत. त्यांच्या शक्यता होतात ५०, २५, २० आणि १२.५ टक्के. बेरीज भरते १०७.५. शक्यतांची बेरीज शंभराच्या वर जाऊ शकत नाही. वरचे साडेसात हे बुकमेकरचे कमाईचे गणित. लोकांनी याच प्रमाणात पैसे लावले, तर कोणतेही गीत जिंकले तरी त्याने १०७ पौंड ५० पेन्स गोळा करून १०० पौंड वाटलेले असतात. एखाद्या गीतावर पैशांचा ओघ फार वाढला की तो त्याचा भाव कमी करतो आणि इतरांचे वाढवितो. त्यामुळे भाव हे तज्ज्ञांचे भाकीत असते, तसेच ते बुकमेकरच्या जोखमीचे व्यवस्थापनही असते.

लंडनमध्ये २००० साली बेटफेअर या कंपनीने या व्यवसायाची दुसरी तऱ्हा रुळविली. येथे बुकमेकर मध्ये नसतो. एक ग्राहक गीत जिंकेल यावर पैसे लावतो आणि दुसरा ते जिंकणार नाही यावर. आपल्याकडील क्रिकेट सट्ट्याच्या चोरट्या बोलीत ज्याला ‘लगाई’ आणि ‘खाई’ म्हणतात, तेच हे. फरक एवढाच की तेथे त्याला कायद्याची मान्यता आहे. कंपनी केवळ विजेत्याच्या नफ्यावर अडत घेते. शेअर बाजाराप्रमाणे येथे भाव चढा असताना घेऊन तो उतरल्यावर विरुद्ध बाजूचा व्यवहार करता येतो. त्यामुळे अंतिम निकाल लागण्याआधीच नफा पदरात पाडून बाजूला होणारे कसलेले खेळाडू या बाजारात असतात.

हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत

हा बाजार एका रात्रीचा नसतो. स्पर्धा संपते न संपते तोच पुढील वर्षीच्या विजेत्याचे भाव फलकावर लागतात. त्या वेळी गायक ठरलेला नसतो, गीतही लिहिलेले नसते. केवळ देशाच्या नावलौकिकावर पैसे लागतात. फेब्रुवारीत इटलीचा सानरेमो महोत्सव आणि मार्चमध्ये संपणारी स्वीडनची राष्ट्रीय निवड स्पर्धा झाली की भावांना आकार येतो. मार्चमध्ये सर्व गीते जाहीर होतात. त्यानंतर यजमान शहरात रंगमंचावरील तालमी सुरू होतात आणि खरी उलथापालथ तेथे घडते.

ध्वनिमुद्रित गीत आणि रंगमंचावरील सादरीकरण यांत मोठे अंतर असते, हे २०१८ च्या लिस्बन येथील स्पर्धेत दिसले. सायप्रसची एलेनी फुरेरा ही प्रारंभी फारशी चर्चेत नव्हती. तालमीतील तिचा आवेश पाहून पैशांचा प्रवाह तिच्याकडे वळला आणि तिने भावफलकाचे अग्रस्थान गाठले. अंतिम फेरीत मात्र इस्रायलच्या नेटाने ५२९ गुणांसह बाजी मारली. फुरेरा ४३६ गुणांसह दुसरी आली. गंमत अशी, की सुरुवातीच्या काळात बाजाराची पसंती नेटालाच होती. तालमींनी बाजाराला अधिक माहिती दिली खरी, पण त्या माहितीचा अर्थ लावताना बाजार घाईला आला.

केवळ विजेत्यावरच पैसे लागतात असे नाही. पहिल्या पाचांत कोण, पहिल्या दहांत कोण, उपांत्य फेरीतून कोण पुढे जाईल, परीक्षकांचा पहिला कोण, प्रेक्षकांचा पहिला कोण, शेवटचा कोण, असे अनेक उपबाजार चालतात. विजेत्या देशाकडे पुढील वर्षीचे यजमानपद जात असल्याने कोणत्या शहरात स्पर्धा भरेल यावरही सट्टा लागतो. २०२१ मध्ये रॉटरडॅम येथे ब्रिटनच्या गायकाला परीक्षक आणि प्रेक्षक या दोहोंकडून शून्य गुण मिळाले. स्वतःच्याच देशाच्या शेवटच्या क्रमांकावर पैसे लावणारा ब्रिटिश ग्राहक ही त्यामुळे केवळ विनोदातील कल्पना राहत नाही.

बाजार किती शहाणा?

हजारो लोक स्वतःचे पैसे पणाला लावतात, तेव्हा त्यांच्या सामूहिक अंदाजात एखाद्या समीक्षकाच्या मतापेक्षा अधिक तथ्य असते, असा या बाजाराच्या समर्थकांचा दावा आहे. काही वर्षे तो खरा ठरला. २००९ मध्ये नॉर्वेचा अलेक्झांडर रिबाक, २०१२ मध्ये स्वीडनची लोरीन, २०१३ मध्ये डेन्मार्कची एमिली डी फॉरेस्ट, २०१९ मध्ये नेदरलँड्सचा डंकन लॉरेन्स आणि २०२३ मध्ये पुन्हा लोरीन हे सर्व बाजाराने आधीच निवडलेले विजेते होते. रशियाच्या आक्रमणानंतर २०२२ मध्ये युक्रेनच्या बाजूने उसळलेली सहानुभूतीही बाजाराने अचूक ओळखली होती. त्या वर्षी युक्रेनला प्रेक्षकांकडून ४३९ गुण मिळाले.

तथापि, अपयशाची यादीही छोटी नाही. २०१० मध्ये बाजाराची पसंती अझरबैजानच्या सफुराला होती. ती पाचवी आली आणि जर्मनीची लेना जिंकली. २०११ मध्ये फ्रान्सचा अमोरी व्हासिली अग्रस्थानी होता. प्रत्यक्षात तो पंधरावा आला. २०१७ मध्ये कित्येक आठवडे इटलीचे नाव सर्वांच्या पुढे होते. करंडक पोर्तुगालने नेला आणि इटली सहावी आली. २०२४ मध्ये माल्मो येथे क्रोएशियाचा बेबी लझान्या बाजाराचा आवडता होता. प्रेक्षकांनीही त्याला सर्वाधिक ३३७ गुण दिले. पण स्वित्झर्लंडच्या नेमोला परीक्षकांनी ३६५ गुण दिल्याने एकूण ५९१ विरुद्ध ५४७ असा निकाल लागला.

२०१६ चे उदाहरण तर बोधप्रद आहे. बाजाराची पसंती रशियाच्या सर्गेई लाझारेव्हला होती आणि प्रेक्षकांनी त्यालाच पहिला क्रमांक दिला. परीक्षकांनी ऑस्ट्रेलियाच्या डामी इमला निवडले. दोन्ही याद्यांत दुसऱ्या स्थानी असलेली युक्रेनची जमाला बेरजेत ५३४ गुणांसह विजयी ठरली. म्हणजे दोन्ही निवडणुकांतील विजेते ज्याने अचूक ओळखले, त्याचाही अंतिम अंदाज चुकला असता.

मात्र, पसंतीचा स्पर्धक हरला म्हणजे बाजार चुकला, असे म्हणणे गणिताला धरून नाही. ४० टक्के शक्यता असलेला स्पर्धक दहापैकी सहा वेळा हरणारच. बाझलमध्ये स्वीडन सर्वांच्या पुढे असले, तरी बाजाराच्या हिशेबात त्याची शक्यता निम्म्यापेक्षा कमीच होती. वृत्तपत्रांतील मथळ्यांत ‘सर्वाधिक शक्यता’ याचे रूपांतर ‘निश्चित विजय’ असे होते आणि हौशी ग्राहक तेथेच फसतो.

अंतिम रात्रीचा शेवटचा तास हा या बाजारातील सर्वांत अस्थिर काळ. परीक्षकांचे गुण आधी जाहीर होतात. त्यानंतर प्रेक्षकांचे गुण, परीक्षकांच्या यादीतील तळाच्या देशापासून वरच्या क्रमाने सांगण्याची पद्धत २०१९ पासून आहे. बाझलमध्ये इस्रायलला प्रेक्षकांकडून २९७ गुण मिळाले आणि तो देश ३५७ वर पोहोचला. सर्वांत शेवटी नाव यायचे होते ऑस्ट्रियाचे. परीक्षकांच्या २५८ गुणांत १०० गुणांची भर पडली असती तरी विजय त्याचा होता. पडली १७८ ची. तो आकडा उच्चारला जाईपर्यंत बाजार श्वास रोखून होता.

शेजार, क्रम आणि अभ्यास

गंभीर ग्राहक केवळ गाणे ऐकून पैसे लावत नाही. ग्रीस आणि सायप्रस यांनी एकमेकांना १२ गुण देण्याची परंपरा सर्वज्ञात आहे. बाल्कन, बाल्टिक आणि उत्तर युरोपीय देशांतही अशी देवघेव दिसते. हे राजकारण की सांस्कृतिक जवळीक, यावर अर्थशास्त्रज्ञांनी आणि संख्याशास्त्रज्ञांनी संशोधन केले आहे. व्हिक्टर गिन्सबर्ग आणि अब्दुल नूरी यांचा २००८ मधील निबंध, तसेच मार्टा ब्लांजिआर्दो आणि जिआनलुका बायो यांचा २०१४ मधील अभ्यास हे त्यातील उल्लेखनीय. दुसऱ्या अभ्यासात काही देशांची परस्परांविषयीची अनुकूलता आढळली. परंतु जाणूनबुजून कोणाला डावलल्याचा ठोस पुरावा मिळाला नाही.

भारतीय प्रेक्षकाला हे अपरिचित वाटू नये. २००७ मध्ये ‘इंडियन आयडॉल’च्या तिसऱ्या पर्वात प्रशांत तमांग याच्यासाठी दार्जिलिंग परिसरातून एसएमएसची जी लाट उसळली, तिच्यामागे गाण्याइतकीच ओळखीची आणि अस्मितेची भावना होती. युरोपात परदेशी स्थायिक झालेले नागरिक मायदेशाला मत देतात, ते याच भावनेने.

गाण्याच्या क्रमालाही महत्त्व आहे. २०२५ पर्यंत दुसऱ्या क्रमांकावर सादर झालेले एकही गीत ही स्पर्धा जिंकू शकलेले नाही. पहिल्याच क्रमांकावर गाऊन जिंकणारे शेवटचे स्पर्धक म्हणजे १९८४ मधील स्वीडनचे हेरीज बंधू. २०१३ पासून हा क्रम पूर्णतः चिठ्ठ्यांवर न सोडता निर्माते ठरवितात. क्रम जाहीर होताच भाव हलतात, ते यामुळेच.

आतल्या गोटातील माहिती

येथपर्यंतचे सारे गणित कौशल्याचे आणि नशिबाचे. खरा पेच त्यापुढे आहे. परीक्षक अंतिम फेरी प्रत्यक्ष पाहून गुण देत नाहीत. आदल्या रात्रीच्या रंगीत तालमीवर देतात. त्यामुळे निकालाचा निम्मा भाग प्रक्षेपणाच्या सुमारे चोवीस तास आधीच तयार असतो आणि त्याचा थोडाथोडा तुकडा प्रत्येक देशातील काही मोजक्या व्यक्तींना ठाऊक असतो. बाजार मात्र त्या काळात खुला असतो. गुण उघड करण्यास परीक्षकांना सक्त मनाई आहे. तरीही २०१९ मध्ये बेलारूसच्या परीक्षकांनी उपांत्य फेरीतील आपली मते जाहीरपणे सांगितली आणि त्या मंडळाला अंतिम फेरीपूर्वी दूर करण्यात आले. त्यांच्या जागी काढलेल्या गुणांतही चूक झाली आणि ती दुरुस्त केल्यावर परीक्षकांच्या यादीतील पहिला क्रमांक स्वीडनकडून उत्तर मॅसेडोनियाकडे गेला. २०२२ मध्ये एका उपांत्य फेरीत सहा देशांच्या परीक्षकांच्या मतदानात संशयास्पद साम्य आढळल्याने ईबीयूने ती मते बाद ठरविली.

माहिती फुटली की पैसा किती वेगाने धावतो, हे मे २०२४ मध्ये दिसले. दुसऱ्या उपांत्य फेरीनंतर इटलीच्या ‘राय’ वाहिनीने आपल्या प्रेक्षकांच्या मतांची टक्केवारी चुकून पडद्यावर दाखविली. त्यात इस्रायलला ३९ टक्क्यांहून अधिक मते होती. पाहता पाहता इस्रायलचा भाव कोसळला आणि तो देश क्रोएशियाखालोखाल प्रबळ दावेदार ठरला. प्रेक्षकांच्या मतांत ३२३ गुणांसह त्याने दुसरे स्थान मिळविले. परीक्षकांनी साथ न दिल्याने एकूण क्रमांक पाचवा आला.

क्रीडा स्पर्धेत सामना ठरवून हरण्यासाठी मैदानावर काही तरी घडवावे लागते. येथे तसे काही करावे लागत नाही. आधीच झालेल्या निर्णयाची कुणकुण पुरते. ब्रिटनमध्ये २००५ च्या जुगार कायद्यानुसार सट्ट्यातील फसवणूक हा गुन्हा आहे. जुलै २०२४ च्या सार्वत्रिक निवडणुकीच्या तारखेवर आतल्या माहितीच्या आधारे पैसे लावल्याच्या संशयावरून तेथील जुगार आयोगाने चौकशी केली आणि एप्रिल २०२५ मध्ये पंधरा जणांवर आरोप ठेवले. खेळांच्या तुलनेत अशा किरकोळ बाजारात उलाढाल मर्यादित असते. म्हणूनच थोड्या पैशांनीही भाव हलतो आणि बुकमेकर मोठी रक्कम स्वीकारण्यास नाखूश असतात.

भाव स्वतःही स्पर्धेवर परिणाम करतात. अग्रस्थानी असलेल्या गीताला माध्यमांत अधिक जागा मिळते, अधिक लोक ते ऐकतात, आणि मत देणाऱ्याच्या मनावर त्याची छाप पडते. एका प्रेक्षकाला अनेक मते विकत देता येत असल्याने ही शंका अधिक गडद होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये ईबीयूने २०२६ च्या स्पर्धेसाठी ही मर्यादा २० वरून १० मतांवर आणली, उपांत्य फेरीत परीक्षकांना परत बोलाविले आणि प्रत्येक मंडळातील परीक्षकांची संख्या पाचवरून सात केली. हे बदल सट्ट्यासाठी नव्हे, तर संघटित प्रचाराला आळा घालण्यासाठी होते. पण पैसे लावणाऱ्यांची जुनी कोष्टके त्यामुळे बदलणे भाग पडले.

भारतातून काय?

संकेतस्थळावर भाव दिसतात म्हणून येथून पैसे लावता येतात, असा समज कोणी करून घेऊ नये. सट्टा व जुगार हा आपल्या राज्यघटनेनुसार राज्यांच्या अखत्यारीतील विषय आहे आणि महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे. घोड्यांच्या शर्यतीला सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये कौशल्याचा खेळ मानले. परक्यांच्या मतांवर ठरणाऱ्या गीत स्पर्धेला तसा आधार नाही. त्यातच ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ पुरविणे, त्यांची जाहिरात करणे आणि त्यासाठी पैशांची देवघेव घडवून आणणे यांवर बंदी घातली आहे. परदेशी संकेतस्थळावर अडकलेले पैसे परत मिळविण्यासाठी ग्राहकाला दाद मागण्याची जागा उरत नाही, हा त्यातील व्यावहारिक धोका.

जेथे हा सट्टा कायदेशीर आहे, तेथेही सरकारे निर्धास्त नाहीत. ब्रिटनने एप्रिल २०२० पासून क्रेडिट कार्डवर जुगार खेळण्यास मनाई केली आणि जुगाराच्या व्यसनावरील उपचार व संशोधनासाठी एप्रिल २०२५ पासून या कंपन्यांवर सक्तीचा अधिभार लावला. वर्षातून एकदा मित्रमंडळींत गंमत म्हणून लावलेले पाच पौंड आणि गमावलेले वसूल करण्यासाठी रात्री लावलेले पाचशे पौंड यांत अंतर वाटते त्याहून कमी असते, हा त्यामागील अनुभव आहे.

भावफलक ज्या गोष्टीची किंमत करतो, ती गाण्याच्या दर्जाची नव्हे. लोकांना काय आवडेल, याविषयी इतर लोकांना काय वाटते याची ती किंमत असते. बाझलच्या त्या रात्री अखेरचा आकडा जाहीर होईपर्यंत ती ठाऊक असल्याचा दावा अनेकांनी पैसे मोजून केला होता. त्यांतील बहुतेकांच्या हाती राहिले ते केवळ गाणे.